मिरची, पूड आणि पेंग्विन

मुलांनो, हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास एस. टी.ने फिरलात, तर खिडकीतून एक गंमत दिसेल. मोकळ्या जागेवर लांबच लांब लाल गालिचा अंथरलेला! जवळ गेलात, की नाकाला लगेच कळतं, हा गालिचा नाही, ही मिरची आहे. मिरची वाळवायच्या या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. मिरची वाळली, देठं खुडली, की ती डंकावर जाते आणि तिची पूड होते.

आता मला सांगा, मिरचीची पूड करता येते. पण पुडीची पुन्हा मिरची करता येईल का? पुड्यातली पूड पाहून त्यात कोणती मिरची किती होती, ती किती दिवस वाळवली होती, हे तरी सांगता येईल का? नाही ना!

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचंही अगदी असंच असतं, बरं का. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तो आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. ही झाली मिरची. पण संगणकाला बिचाऱ्याला शून्य आणि एक यापलीकडे काही कळत नाही. म्हणून कंपायलर नावाचा एक डंक ते लिखाण कुटतो आणि त्याची शून्य-एकची पूड करतो. आपण ज्या चित्रावर दोनदा टिचकी मारून प्रोग्रॅम सुरू करतो, ती ही पूड.

बाजारातले बरेच प्रोग्रॅम नुसती पूड देतात. मिरची कंपनीच्या कुलुपात. काही लोक मात्र पूड देतात, मिरची देतात आणि वर कुटायची कृतीही लिहून देतात. अशा प्रोग्रॅमना ओपन सोर्स, म्हणजे खुला प्रोग्रॅम म्हणतात. मिरचीबद्दल आणि पुडीबद्दल पुष्कळ जण बोलतात. आज मला तुम्हांला सांगायचं आहे ते त्या कृतीबद्दल. कारण ती कृती सांभाळणारं कुणी नसेल, तर उत्तमातली उत्तम मिरचीसुद्धा पोत्यातच पडून राहते.

उदाहरणाला आपण चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम घेऊ. त्याचं नाव टक्स पेंट. तुमच्यापैकी काहींनी तो शाळेत पाहिलाही असेल. डाव्या बाजूला ब्रश, रेघ, खोडरबर. खाली रंगांची रांग. आणि कोपऱ्यात एक गुबगुबीत पेंग्विन उभा राहून आता काय करायचं ते सांगत असतो. 'जादू' नावाच्या बटणात इंद्रधनुष्य आहे, विटांची भिंत आहे, गवत आहे, फेस आहे. पहिलीतल्या मुलाच्या हातात माऊस दिला तरी पाच मिनिटांत तो भिंत बांधायला लागतो.

हा प्रोग्रॅम अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या बिल केंड्रिक यांनी २००२ साली लिहायला घेतला. पैसे न घेता, लहान मुलांसाठी. पुढे देशोदेशीची माणसं मदतीला आली. हे लोक इतके नम्र, की 'आमचा प्रोग्रॅम पूर्ण झाला' असं म्हणायला तयारच नाहीत. पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीला १.० असा आकडा द्यायची पद्धत आहे. पण वीस वर्षांनी, २०२२ साली, जी आवृत्ती निघाली तिचा आकडा होता ०.९.२८!

आणि तो पेंग्विन? त्याचं नाव टक्स. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीचं ते बोधचिन्ह. लॅरी ईविंग यांनी ते १९९६ साली काढलं, आणि काढलं कशात, तर गिम्प नावाच्या चित्रकलेच्या अशाच एका खुल्या प्रोग्रॅममध्ये. गिम्प हा टक्स पेंटचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तर कृती. टक्स पेंटमध्ये ही कृती ज्या फाइलमध्ये लिहिलेली आहे तिला मेकफाइल म्हणतात, आणि ती वाचून काम करणाऱ्याचं नाव 'मेक'. हा मेक कसा जन्मला ते ऐकण्यासारखं आहे.

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन नावाचे एक गृहस्थ काम करत होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत त्यांच्या खोलीत शिरले. झालं असं होतं, की जॉन्सन यांच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. ती त्यांनी शोधली, दुरुस्त केली. तरी प्रोग्रॅम आपला चुकतोच! सकाळ गेली त्यात. शेवटी लक्षात आलं, की लिखाण दुरुस्त केलं होतं, पण ती फाइल पुन्हा कुटायचीच राहून गेली होती. म्हणजे मिरची नवी निवडून ठेवली आणि भाजीत घातली ती जुन्या डब्यातली पूड!

फेल्डमन यांनाही हा त्रास ओळखीचा होता. मग त्यांनी मेक लिहिला. मेक काय करतो? प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहतो. पूड आधीची आणि मिरची नंतरची असं दिसलं, की तेवढीच फाइल पुन्हा कुटतो. बाकीच्यांना हात लावत नाही. विज्ञानाच्या वहीत एका पानावर शाई सांडली, तर तुम्ही तेवढंच पान पुन्हा लिहिता की सगळी वही? तसंच हे. या कामाबद्दल फेल्डमन यांना २००३ साली संगणकक्षेत्रातला एक मोठा पुरस्कार मिळाला.

मेकची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे. कृतीतल्या आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला जी मोकळी जागा सोडायची, ती टॅबची कळ दाबूनच सोडावी लागते. स्पेसच्या कळीने सोडलीत तर मेक अडून बसतो. दिसायला दोन्ही सारखंच, कोरं! ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. डझनभरांची सोय पाहिली आणि पुढे जगभरच्या लाखो लोकांना टॅब शोधत बसावं लागलं.

आता खरी मजा, आणि खरी डोकेदुखीही. डंक एकच असता तर कृती एकदा लिहून भागलं असतं. पण तुमच्या मामाच्या कॉम्प्युटरवर विंडोज असतं, शाळेतल्या एखाद्या संगणकावर लिनक्स, शहरातल्या एखाद्या छापखान्यात मॅक, आणि ताईच्या मोबाइलमध्ये अँड्रॉइड. यांना म्हणायचं कार्यप्रणाली. चौघांच्या घरच्या रीती वेगळ्या. चित्र जपून ठेवायची जागा प्रत्येकाची निराळी. फोल्डरचा पत्ता लिहिताना लिनक्स तिरकी रेघ एका बाजूला झुकवतो, विंडोज दुसऱ्या बाजूला. विंडोजसाठी कुटलेली पूड मॅकला पचत नाही आणि मॅकची अँड्रॉइडला.

आमच्या जिल्ह्यात तालुके सहा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. शहाद्याकडे घरोघरी अहिराणी, गुजर बोली. नवापूरकडे मावची, शिवाय बाजारात गुजराती. अक्राणीत सातपुडा चढलात की पावरी. धडगावच्या डोंगरात नवे गुरुजी बदलून येतात, तेव्हा त्यांना पावरीचा शब्द येत नसतो. पहिलीतलं पोर रडतंय, पण का रडतंय ते कळत नाही. मग चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी मधे उभी राहते. पोराचं गुरुजींना सांगते, गुरुजींचं पोराला. शाळा चालते ती तिच्या जिवावर.

टक्स पेंटमध्येही अशी एक दुभाषी आहे. तिचं नाव एसडीएल. सॅम लँटिंगा यांनी ती १९९८ साली बाहेर आणली. टक्स पेंट म्हणतो, 'खिडकी उघड, इथे निळा ठिपका दे, माऊस कुठे आहे ते सांग.' एसडीएल ते विंडोजला विंडोजच्या भाषेत सांगते, लिनक्सला लिनक्सच्या. त्यामुळे चित्र काढायचं लिखाण चौघांसाठी जवळजवळ एकच राहतं. मग वेगळेपण सगळं कुठे गोळा होतं? आपल्या कृतीत, म्हणजे मेकफाइलमध्ये! ती आधी विचारते, 'मी कुणाच्या घरी आले आहे?' उत्तर मिळालं, की त्याप्रमाणे ठरतं: कोणता डंक वापरायचा, एसडीएल कोणत्या कपाटात शोधायची, फोटोच्या फाइली वाचणारं साहित्य कुठे आहे, आवाजाचं कुठे आहे, तयार झालेली पूड कुठे ठेवायची. जादूच्या बटणातली इंद्रधनुष्य, वीट, गवत अशी साधनं वेगवेगळ्या छोट्या फाइलींत लिहिलेली आहेत. त्यांचीही पूड प्रत्येकाच्या घरच्या रीतीने वेगळी करावी लागते.

या कृतीतली एखादी ओळ गळली तर काय होतं? पुष्कळदा काम थांबतं आणि पडद्यावर चुकीचा निरोप येतो. ते बरं. कळतं तरी! वाईट केव्हा, तर काही न बोलता अर्धवट प्रोग्रॅम तयार होतो तेव्हा.

मी वर्गात हे पाहिलं आहे. टक्स पेंट नव्हे, चित्रांचा दुसराच एक प्रोग्रॅम होता, संगणकही जुना होता. चौथीतल्या एका मुलीने डोंगर काढला, नदी काढली आणि खाली आपल्या तालुक्याचं नाव लिहायला घेतलं: अक्कलकुवा. पडद्यावर काय उमटलं? क, त्याखाली पाय मोडल्याची खूण, मग दुसरा क वेगळा. नदीला नाव दिलं नर्मदा, तर रफार मच्या डोक्यावर चढायलाच तयार नाही, र बाजूला लंगडत उभा. आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी मागून आली. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, 'सर, याला मराठी येत नाही.' अगदी बरोबर बोलली.

इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. आपल्या देवनागरीत तसं चालत नाही. आपण 'कि' म्हणताना आधी क म्हणतो, मग इ; पण लिहिताना वेलांटी आधी काढतो. क आणि क जोडताना आकार बदलतो. हे सगळं जुळवून देणारं साहित्य वेगळं मिळतं. त्यातलंच एक पँगो. नाव मोठं मजेचं आहे: ग्रीक भाषेत पॅन म्हणजे सर्व आणि जपानीत गो म्हणजे भाषा. टक्स पेंट अक्षरांसाठी हे पँगो वापरतो. पण ते कृतीत लिहिलेलं असलं तरच! पँगोशिवायही टक्स पेंट तयार करता येतो, इंग्रजीत लिहिणाऱ्याला फरकही कळणार नाही. परदेशात बसून कृती तपासणाऱ्याने फक्त इंग्रजी लिहून पाहिलं, तर तो खुशाल म्हणेल, 'सगळं ठीक आहे.' अक्कलकुव्याच्या मुलीलाच कळणार, की ठीक नाही.

पँगोनंतरही एक गोष्ट लागते, ती म्हणजे अक्षरांचा साचा, फाँट. इथे मात्र आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांची नावं अभिमानाने घ्यावीत. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी टंक मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. लिनक्सवर 'लोहित' नावाचे खुले भारतीय टंक असतात. त्यांची निगराणी कित्येक वर्षं पुण्यात बसलेल्या मंडळींनी केली. म्हणजे बघा, एकाच 'नर्मदा' या शब्दासाठी एका घरी मंगल, दुसऱ्या घरी लोहित. प्रोग्रॅमला दोन्हीकडे योग्य ठिकाणी हात घालता आला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, 'सर, एकदा नीट लिहून ठेवली कृती, की झालं की!' तिथेच तर गोम आहे. मिरची तीच राहते, पण डंक बदलत राहतात. एसडीएलची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात खिडकी उघडायची रीतच बदलली; टक्स पेंटच्या लोकांना सगळं तिच्यावर न्यावं लागलं, आणि मग लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड अशा प्रत्येक घरी जाऊन पुन्हा चालवून पाहावं लागलं. २०२० साली अॅपल कंपनीने आपल्या संगणकांमधली चिपच बदलली. जुने मॅक एका जातीचे, नवे दुसऱ्या जातीचे. मॅकची फाइल बनवणाऱ्याला दोन्ही जातींची सोय करावी लागली. विंडोजमध्ये जुने संगणक ३२ बिटचे, नवे ६४ बिटचे. २०२० नंतरच्या आवृत्त्यांतही टक्स पेंटच्या मंडळींनी ३२ बिटसाठी वेगळी फाइल काढली. मोठ्या शहरात जुना संगणक भंगारात जातो. आमच्याकडे तो शाळेत येतो आणि आणखी दहा वर्षं चालतो! त्यामुळे ही ३२ बिटची फाइल कुणी तरी हौसेने बनवत राहणं म्हणजे काय, ते आम्हांला विचारा.

हे काम करतात कोण? टक्स पेंटच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांची नावं आहेत. विंडोजची बाजू जपानचे शिन-इची तोयामा यांनी सांभाळली, मॅकची मार्क किम यांनी, अँड्रॉइडची पेरे पुजाल यांनी. नोकरी-धंदा सांभाळून, पगाराशिवाय. चित्र काढणाऱ्या मुलांना त्यांची नावं ठाऊक नसतात.

आणि माणूस नसेल तर? आता थोरल्या भावाची, गिम्पची, गोष्ट ऐका. गिम्प मुळात युनिक्सच्या संगणकांसाठी लिहिलेला. तो विंडोजवर नेण्याचं किचकट काम फिनलंडच्या टोर लिल्क्विस्ट यांनी मनावर घेतलं, म्हणून तो सायबर कॅफेपासून फोटो स्टुडिओपर्यंत पोहोचला. पण मॅकसाठी फाइल तयार करणारे हात कायम थोडेच. २०२०-२१ च्या सुमाराला असं झालं, की नवी आवृत्ती विंडोज आणि लिनक्सवाल्यांना मिळाली आणि मॅकवाले महिनोन्महिने वाट पाहत बसले. मिरची तयार होती, बरं का! तिच्यात काहीच खोट नव्हती. फक्त त्या एका डंकाशी उभं राहणारं माणूस नव्हतं. मग नवे स्वयंसेवक आले आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

गिम्पने तर पुढे आपली सगळी कृतीच नव्याने लिहिली. जुनी पद्धत पंचवीस-तीस वर्षांत फार गुंतागुंतीची झाली होती. तिच्या जागी मेसॉन नावाची नवी पद्धत आणली, तीही फिनलंडच्याच यूसी पाकानेन यांची. २०२५ च्या मार्चमध्ये गिम्प ३.० बाहेर आला, तो या नव्या कृतीवर. वर्तमानपत्रांत याची बातमी कशाला येईल? नव्या ब्रशची येते. (गिम्प शिकायचा असेल, तर मुंबईच्या आय. आय. टी.ने तयार केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या धड्यांत त्याचे धडे आहेत, आणि मराठी आवाजातही आहेत.)

आता एक शेवटची गोष्ट, जी माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळते आहे. टक्स पेंट शंभराहून जास्त भाषांत बोलतो. त्यात मराठी आहे, कोकणी आहे, संथाळी आहे, बोडो आणि डोगरीही आहे. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पावरी, मावची, अहिराणी काही दिसली नाही. पहिलीत येणारी आमची मुलं ज्या भाषेत रडतात, हसतात, ती भाषा पेंग्विनला येत नाही.

ती त्याला शिकवायला काय लागेल? वाटतं तितकं अवघड नाही. भाषांतराची एक साधी फाइल असते. तिच्यात एक ओळ इंग्रजी, खाली आपली ओळ. 'खोडरबर', 'जपून ठेव', 'नवं चित्र', अशा छोट्या छोट्या ओळी. या ओळी भरायला इंजिनियर लागत नाही. पावरी नीट बोलणारी आजी, देवनागरी नीट लिहिणारी नात आणि थोडंफार इंग्रजी समजणारा कुणी, एवढं पुरे. मग त्या भाषेचं नाव प्रोग्रॅमच्या यादीत घालायचं. मेक चालवला, की इतर फाइलींबरोबर ही फाइलही कुटली जाते आणि चारही घरी पोहोचते. लोकांनी अशीच एकेक करून त्या शंभरावर भाषांची भर घातली आहे. पण एखाद्या बोलीत देवनागरीच्या नेहमीच्या अक्षरांत न मावणारा उच्चार असेल, तर तो कसा लिहायचा, हे आधी त्या बोलीच्या माणसांना आपसात बसून ठरवावं लागेल. ते काम कोणताही डंक करून देणार नाही.

तोवर तुम्ही एक करून पाहा. टक्स पेंटचं मूळ लिखाण कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर मिळवा आणि त्यातली मेकफाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती नुसता मजकूर आहे, उघडल्याने काही बिघडत नाही. अगदी वरच्या भागात आवृत्तीचा आकडा शोधा, ०.९ ने सुरू होतो का बघा. खाली विंडोज, मॅक, लिनक्स यांची नावं कुठे येतात ते पेन्सिलीने टिपून ठेवा. पँगोचं नाव सापडलं तर त्याला दोन टिपा! आणि एखाद्या ओळीच्या आधी मोकळी जागा दिसली, की कर्सर तिथे नेऊन उजव्या बाणाची कळ एकदा दाबा. कर्सर एका उडीत पलीकडे गेला तर तो टॅब. एकेक घर सरकत गेला तर त्या स्पेस, आणि ती ओळ आज्ञेची असेल तर मेक तिथे अडून बसणार.